वाळवंटाची प्रदक्षिणा : तार, उंट आणि पाणी

५ जून १८९९. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरातून आर्थर रिचर्डसन नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण सायकलवर बसून उत्तरेकडे निघाला. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा, खंड उजव्या हाताला, आणि अखंड ऑस्ट्रेलियाला वळसा घालून पुन्हा पर्थलाच यायचे, असा त्याचा बेत होता. आपल्याकडे देवळाला प्रदक्षिणा घालतात तीही देव उजव्या हाताला ठेवूनच. त्या अर्थाने ही एका खंडाची शास्त्रशुद्ध प्रदक्षिणा होती, फक्त घेर सुमारे ११,५०० मैलांचा, म्हणजे साडेअठरा हजार किलोमीटरांचा होता. ४ फेब्रुवारी १९०० रोजी तो पर्थला परतला. सायकलवरून ऑस्ट्रेलियाची फेरी पुरी करणारा तो पहिला मनुष्य.

आज ज्याला बाइकपॅकिंग म्हणतात, म्हणजे मोजके सामान सायकलच्या सांगाड्यालाच बांधून आडवाटेने दिवसच्या दिवस प्रवास करायचा, त्याच्या इतिहासात रिचर्डसनचे नाव हमखास येते. एकटा माणूस, एक सायकल, पाठीशी कोणी नाही आणि पुढे वाळवंट, असे ते चित्र असते. चित्र खोटे नाही. पण त्याच्या चौकटीबाहेर बरेच काही राहून गेले आहे. ज्या भूमीत घोडे तहानेने मरत, तिथे सायकलस्वार जिवंत कसा राहिला, या प्रश्नाचे उत्तर ‘धाडस’ या एका शब्दात मिळत नाही.

त्यासाठी आधी सोन्याकडे वळावे लागते.

सप्टेंबर १८९२ मध्ये आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड या दोघांना कूलगार्डी येथे सोने सापडले. पुढच्याच वर्षी जवळच्या कॅलगूर्लीत पॅडी हॅननच्या शोधाने दुसरी झुंबड उडाली. हजारो माणसे पर्थपासून साडेपाचशे किलोमीटर आत, जिथे एकही बारमाही नदी नाही अशा कोरड्या रानात जाऊन राहिली. सोने होते, पाणी नव्हते. खाऱ्या सरोवरांचे पाणी लोखंडी टाक्यांत उकळून, वाफ थंड करून गोडे करायचे आणि गॅलनच्या भावाने विकायचे, हा तिथला भरभराटीचा धंदा झाला. या भट्ट्यांच्या सरपणासाठी भोवतालची झाडे तुटत गेली. अंघोळ ही चैन ठरली आणि विषमज्वराने माणसे पटापट दगावू लागली.

अशा ठिकाणी घोडा परवडत नसे. त्याला रोज पाणी लागते, दाणावैरण लागते आणि दोन्ही दूरवरून विकत आणावे लागते. सायकल पीत नाही, खात नाही. योगायोग असा की सायकल नुकतीच माणसाळली होती. १८८५ साली जॉन केंप स्टार्ली याने सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्यापूर्वीच्या उंच चाकाच्या आणि भरीव रबराच्या सायकली वाळूत घेऊन जाण्याचा विचारही कोणी केला नसता. सोन्याचा शोध आणि हवेचा टायर यांच्यात चारच वर्षांचे अंतर आहे. हे अंतर वीस वर्षांचे असते तर या कथेत सायकल आली नसती.

कूलगार्डीत सायकल ही शौकाची वस्तू नव्हती, ती कामाची होती. खाणींच्या विखुरलेल्या वस्त्यांमध्ये पत्रे, तारा, वर्तमानपत्रे आणि सोन्याच्या खबरी पोहोचवणारे सायकलस्वार जासूद तिथे निर्माण झाले. सरकारी टपाल जिथे पोहोचत नसे किंवा उशिरा पोहोचे, तिथे खाजगी सायकल-टपाल चाले, आणि अशा काही सेवांनी स्वतःची तिकिटेही छापली. तिकीटसंग्राहक आजही त्यांच्या मागावर असतात.

पण वाळूत आणि झुडपांत सायकल चालत तरी कशी होती?

उंटांमुळे. उंटाच्या पायाला खूर नसतो, तळव्याला रुंद, मऊ गादी असते. घोड्याचा खूर जमीन उखडतो, बैलगाडीचे चाक तिच्यात चर पाडते, तर उंटाचे पाऊल जमीन दाबून बसवते. तांड्यातले उंट एकामागोमाग एक चालतात, त्यामुळे सगळ्यांची पावले त्याच अरुंद पट्ट्यावर पडतात. शेकडो उंट गेल्यावर झुडपांमधून एक चोपलेली, जवळपास गुळगुळीत पाऊलवाट तयार होते. तिची रुंदी सायकलला पुरेशी असते. कूलगार्डी भागातले सायकलस्वार गाडीरस्ता सोडून या उंटवाटा शोधत, कारण गाडीरस्त्यावर चाक वाळूत रुतत असे. वाळवंटातली सायकलची पहिली ‘पक्की सडक’ जनावरांच्या पायांनी बांधली होती.

ही जनावरे आली कुठून? बहुतांशी कराचीहून. १८६० च्या बर्क आणि विल्स मोहिमेसाठी हिंदुस्थानातून उंट नेण्यात आले. १८६६ साली थॉमस एल्डर याने शंभराहून अधिक उंट आणि त्यांच्यासोबत एकतीस उंटवाले दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरवले, तेव्हा व्यापार म्हणून उंटांची आयात खऱ्या अर्थाने सुरू झाली. त्या काळी सिंध प्रांत मुंबई इलाख्याचा भाग होता, म्हणजे ज्या सरकारच्या अखत्यारीत पुणे-सातारा होते त्याच सरकारच्या बंदरातून हे तांडे गेले. ऑस्ट्रेलियात या माणसांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले. प्रत्यक्षात त्यांत पठाण होते, बलुची होते, सिंधी आणि पंजाबीही होते. कूलगार्डीत फैज महोमेत आणि ताघ महोमेत या बंधूंचा उंट-वाहतुकीचा व्यवसाय मोठा होता. खाणीची यंत्रे, पिठाची पोती, पाण्याची पिंपे हे सारे उंटांच्या पाठीवरून जात असे. मात्र पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने आशियाई माणसाला सोन्याच्या खाणीचा परवाना नाकारला होता. ज्याच्या उंटाशिवाय खाण चालत नाही, त्याला खाणीत हात घालायला बंदी. सायकलच्या गौरवकथांत या माणसांना सहसा एक ओळही मिळत नाही.

रिचर्डसन याच कूलगार्डीच्या मुशीतला. जन्म १८७२ सालचा, ब्राझीलमधील पर्नांबुको येथला. वडील वैद्यकीय व्यवसायात होते. पुढे कुटुंब दक्षिण ऑस्ट्रेलियात, पोर्ट ऑगस्टाला येऊन स्थिरावले. सोन्याच्या ओढीने तोही पश्चिमेकडे गेला. आणि २४ नोव्हेंबर १८९६ रोजी लहानसे बोचके आणि पाण्याची छागल घेऊन तो कूलगार्डीहून पूर्वेकडे, ॲडलेडच्या दिशेने निघाला. मध्ये नलारबॉर पठार होते.

नलारबॉर हे नाव लॅटिन शब्दांवरून घडवलेले आहे, अर्थ ‘झाड नाही’. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरांचे हे चुनखडीचे सपाट पठार आहे. पाऊस पडला तरी पाणी फटींतून थेट खाली, जमिनीतल्या गुहांत उतरते. वर ओढा नाही, तळे नाही. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे तिथला भर उन्हाळा. एकतीस दिवसांनी रिचर्डसन ॲडलेडला पोहोचला. नलारबॉर सायकलने ओलांडणारा तो पहिला.

त्याने वाट कशी शोधली? शोधावी लागली नाही. तारेच्या खांबांची रांग डोळ्यांसमोर होती. दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाला जोडणारी तारायंत्राची ओळ १८७७ साली पुरी झाली होती, आणि रिचर्डसन तिच्या कडेने गेला. तारेच्या ओळीला काही अंतरावर ठाणी लागतात, ठाण्यांत माणसे राहतात, माणसांना पाणी लागते. त्यामुळे जिथे तार तिथे आज ना उद्या पाणी, हा हिशेब सोपा होता. शिवाय ओळ सांभाळणाऱ्यांच्या फेऱ्यांनी खांबांच्या कडेला वाटही पडलेली असे. संकटात सापडलेल्या प्रवाशांनी मुद्दाम तार तोडून दुरुस्तीपथकाला आपल्यापर्यंत खेचून आणल्याच्या हकिकती त्या काळात प्रचलित होत्या. एकटेपणाची व्याख्या इथे थोडी सैल करावी लागते.

या ओळीवरचे सर्वांत विलक्षण ठाणे यूक्ला. दोन वसाहतींच्या सीमेजवळ, समुद्रकाठच्या वाळूत उभे असलेले. १९०१ पूर्वी ऑस्ट्रेलिया हे एक राष्ट्र नव्हते, सहा वेगवेगळ्या ब्रिटिश वसाहती होत्या, आणि दोन्ही बाजूंची मोर्स लिपीही वेगळी होती. एका बाजूचा तारमास्तर संदेश कागदावर उतरवून घेई, खोलीच्या मधल्या आडोशातून तो पलीकडच्या मास्तरकडे सरकवी आणि पलीकडचा तो आपल्या लिपीत पुढे पाठवी. लंडनहून मुंबई, मद्रास, सिंगापूर आणि जावामार्गे डार्विनला आणि तिथून ॲडलेडला आलेली बातमी पर्थकडे जाताना शेवटी अशी हातातून हातात जात असे.

पण तार यायच्या छत्तीस वर्षे आधी, १८४१ साली, एडवर्ड जॉन एअर हा इंग्रज याच किनाऱ्याने पायी गेला होता. त्याचा सोबती जॉन बॅक्स्टर वाटेत मारला गेला. वायली नावाच्या मूलनिवासी तरुणाबरोबर एअर कसाबसा अल्बनीला पोहोचला. पहाटेचे दव स्पंजने टिपून पिण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. तरी तो तगला, कारण किनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्यांत कुठे उकरले की गोडे पाणी लागते हे स्थानिक लोकांनी त्याला सांगितले होते. अशा पाण्याच्या जागांच्या आधारानेच पुढचे प्रवासी आणि पुढच्या वाटा या किनाऱ्यावर टिकल्या. तारेच्या खाली, तारेहून कितीतरी जुनी, पाण्याची एक ओळ होती.

आत, सोन्याच्या मुलखातही तेच. तिथल्या कातळांत नैसर्गिक खळगे असतात, त्यांना ‘नॅमा’ म्हणतात. पावसाचे पाणी त्यांत साठते. मूलनिवासी लोक त्यांवर फांद्या किंवा सपाट दगड ठेवून ते झाकत, म्हणजे पाणी उन्हाने उडत नाही आणि जनावर त्यात पडून कुजत नाही. प्रत्येक खळग्यात किती पाणी असते, कोणत्या महिन्यात संपते, पुढचा खळगा किती चालीवर आहे, याचा नकाशा त्यांच्या स्मरणात आणि गाण्यांत होता. १८६० च्या दशकात चार्ल्स हंट याने यॉर्क गावापासून पूर्वेकडे विहिरींची एक माळ बांधली. जागा दाखवल्या मूलनिवासी वाटाड्यांनी, खोदकाम केले कैद्यांनी. तीस वर्षांनी सोन्याची झुंबड याच विहिरींवरून कूलगार्डीकडे गेली. गेली आणि पाण्यावर तुटून पडली. तहानलेला एक उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. एखाद्या टोळीला कित्येक दिवस पुरेल असा खळगा एका तांड्याने एका संध्याकाळी कोरडा करावा, असे घडू लागले.

पुढची गोष्ट याहून कडू आहे. १८९६ च्या ज्या नोव्हेंबरात रिचर्डसन तारेच्या आधाराने नलारबॉरकडे निघाला, त्याच महिन्यात उत्तरेला ग्रेट सँडी वाळवंटात कॅल्व्हर्ट मोहिमेतले चार्ल्स वेल्स आणि जॉर्ज जोन्स हे दोघे तहानेने मेले. तिथे तारही नव्हती आणि ठाणीही नव्हती. त्याच सुमारास डेव्हिड कार्नेगी उंट घेऊन कूलगार्डीहून हॉल्स क्रीक आणि परत असा मोठा फेरा करत होता. त्याने पाणी शोधण्याची जी रीत वापरली ती स्वतःच्याच पुस्तकात मोकळेपणाने लिहून ठेवली आहे : वाटेत दिसलेल्या मूलनिवासी माणसाला धरायचे, बांधून ठेवायचे, तहान लागावी म्हणून खारवलेले मांस खायला घालायचे आणि मग तो पाण्याकडे जाईल तिकडे जायचे. १९०६ साली गुरांच्या वाटेची पाहणी करणाऱ्या आल्फ्रेड कॅनिंगने तर त्यासाठी साखळ्याच बरोबर नेल्या. मोहिमेतल्या स्वयंपाक्याने तक्रार केली, १९०८ साली चौकशी आयोग बसला आणि त्याने कॅनिंगला दोषमुक्त केले. त्या वाटेवरच्या पन्नासच्या आसपास विहिरी बहुतांशी मूलनिवासींच्या पाण्यांवरच खोदल्या गेल्या. सुमारे १,८५० किलोमीटरांची ही कॅनिंग वाट आज रुंद टायरच्या सायकलींवरून पार करणे हे जगभरच्या बाइकपॅकर मंडळींचे स्वप्न असते. विहिरींना क्रमांक आहेत. ज्यांना साखळीने बांधून त्या शोधल्या, त्यांची नावे विहिरींवर नाहीत.

रिचर्डसनने असे काही केल्याचा आरोप नाही आणि तो इथे करायचाही नाही. त्याला तशी गरजच पडली नाही, हा मुद्दा आहे. तो ज्या वाटांनी गेला तिथली पाण्याची ठिकाणे तोवर ठाण्यांच्या, गुरांच्या तळांच्या आणि खाणवस्त्यांच्या हवाली झाली होती.

१८९९ च्या प्रदक्षिणेत मात्र हे आधार काही ठिकाणी फार विरळ झाले. पर्थहून ब्रूमपर्यंतचा पट्टा एका अर्थी ओळखीचा होता, कारण १८८९ साली ब्रूम समुद्री केबलने जावाशी जोडले गेल्यापासून किनाऱ्याने तार गेली होती. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला वाळवंट आणि मध्ये मऊ वाळू. सराट्यासारखे काटे, पंक्चर आणि सायकल ढकलत चालणे हा या वाटेवरचा नेहमीचा दिनक्रम. गिअर नाहीत, पेडल मोकळे सुटण्याची सोयही त्या काळच्या बहुतेक सायकलींत नसे. किंबर्लीचा डोंगराळ प्रदेश ओलांडून नॉर्दर्न टेरिटरीकडे वळताना तर गुरांच्या विखुरलेल्या तळांखेरीज फारसे काही नव्हते. हा मुलूख नुकताच युद्धातून गेला होता. बुनुबा जमातीचा जंडामारा, जो आधी पोलिसांचा मागकाढ्या होता, त्याने वसाहतवाल्यांविरुद्ध तीन वर्षे दिलेला लढा एप्रिल १८९७ मध्ये त्याच्या मृत्यूने संपला होता. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी एक गोरा सायकलस्वार तिकडून जात होता. त्या काळच्या वृत्तांतांत ‘शत्रुत्वाने वागणारे नेटिव्ह’ हे शब्द सहज येतात. ते वाचताना तिथे कोणाच्या घरात कोण शिरले होते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

डार्विनच्या बाजूने पुढे क्वीन्सलंड, मग ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्न. शहरांत स्वागत, वर्तमानपत्रांत रकाने. पूर्वेचा हा भाग इतिहासाच्या दृष्टीने रुक्ष आहे, रस्ते होते, खानावळी होत्या. ॲडलेडनंतर पुन्हा नलारबॉर, पुन्हा भर उन्हाळा, पुन्हा खांबांची रांग.

तो एकटाच या फेरीवर नव्हता, हेही सांगायला हवे. त्याच हिवाळ्यात फ्रँक आणि ॲलेक्स व्हाइट हे बंधू आणि डोनाल्ड मॅके हे तिघे उलट्या दिशेने, म्हणजे खंड डाव्या हाताला ठेवून निघाले होते. मॅकेने आपली फेरी २४० दिवसांत पुरी केली, रिचर्डसनहून किंचित कमी वेळात, पण तोवर पहिलेपणाचा मान गेलेला होता. शर्यतीत टायरवाल्यांना रस असणे साहजिकच. डनलप कंपनीने १९०० साली रिचर्डसनच्या प्रवासाची पुस्तिका काढली. एकट्या वीराची आणि त्याच्या न हरणाऱ्या टायरची ती प्रतिमा कोणाच्या उपयोगाची होती, हे वेगळे सांगायला नको. अशा जाहिरातीत उंटवाल्याला जागा कशी मिळणार?

मॅकेचे पुढचे आयुष्य अधिक कुतूहलाचे आहे. त्याने १९३० च्या दशकात स्वखर्चाने विमाने नेऊन मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांचे आकाशातून नकाशे करवून घेतले. पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या सीमेवरच्या एका अफाट खाऱ्या सरोवराला त्याचे नाव दिले गेले. पिंटुपी लोक त्या जागेला फार आधीपासून ओळखत होते.

सायकलचे राज्य फार काळ टिकले नाही. रेल्वे १८९६ सालीच कूलगार्डीला आणि कॅलगूर्लीला पोहोचली होती. सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याने आखलेली, पर्थजवळच्या मंडारिंग धरणातून पाणी उपसून सोन्याच्या मुलखात नेणारी पाचशेहून अधिक किलोमीटरांची नळवाहिनी जानेवारी १९०३ मध्ये सुरू झाली. ते पाहायला ओकॉनर नव्हता, टीकेच्या भडिमारात त्याने आदल्या वर्षी आत्महत्या केली होती. १९१७ साली नलारबॉरवरून रेल्वे धावू लागली. तिचा एक पट्टा ४७८ किलोमीटर एकही वळण न घेता जातो. मग मोटारी आल्या आणि उंटवाल्यांचा धंदा बसला. अनेकांनी उंट गोळी घालून मारण्याऐवजी रानात सोडून दिले. त्यांचे वंशज आज काही लाखांच्या घरात आहेत आणि दुष्काळात पाण्याच्या शोधात मूलनिवासी वस्त्यांच्या टाक्यांवर चालून येतात.

तारही सरकली. १९२७ साली ती किनारा सोडून उत्तरेला रेल्वेच्या कडेला गेली आणि यूक्लाचे ठाणे बंद झाले. सशांनी गवत खाल्ल्यामुळे मोकळ्या झालेल्या वाळूच्या टेकड्या त्याच्या अंगावर चालून आल्या. आज नलारबॉरच्या महामार्गावरून सायकलने जाणारे प्रवासी वाट वाकडी करून ते अवशेष पाहायला खाली उतरतात. छप्पर नाही, दगडी भिंती आहेत, आणि ज्या खोल्यांत दोन वसाहतींचे तारमास्तर एकमेकांच्या हाती कागद देत बसत, त्यांत आता वाळू भरली आहे.